पहिली गोधडी: आधी बाळासाठी, मग घरच्यांसाठी

गोधडीचा टाका अर्ध्या तासात शिकता येतो. साधा धावदोरा, सुई खाली-वर, खाली-वर. तरीही बहुतेकांची पहिली गोधडी बिघडते, आणि टाका वाईट पडला म्हणून ती क्वचितच बिघडते. कधी सुती साडीच्या पोटात टेरिकॉटचा शर्ट गेलेला असतो, कधी नवं कापड न धुताच लावलेलं असतं, तर कधी थर नीट न टाचता घाईने शिवायला घेतलेले असतात. पहिला टाका पडायच्या आधीच काम फसलेलं असतं. म्हणून इथे निम्म्याहून जास्त जागा कापड, मापं आणि टाचणीला दिली आहे.

किती जाड करायची?

दुपटं दोन पदरांचं असतं. बाळाची गोधडी तीन ते चार थरांची करावी, मोठ्यांची पाच-सहा. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे जिला वाकळ म्हणतात तिच्यात याहून कितीतरी थर निघतात, पण ते वर्षानुवर्षं जुन्यावर नवं चढवत गेल्याने साठलेले असतात. तेवढे थर एका दमात शिवायला घेऊ नका.

बाळाला गुबगुबीत गोधडी द्यावी असं सगळ्यांनाच वाटतं. करू नका. तान्ह्या बाळाची गोधडी रोज भिजते, कधी दिवसातून दोनदा. चार थरांची असेल तर उन्हात दुपारपर्यंत खडखडीत वाळते. सात थरांची कोकणातल्या आषाढ-श्रावणात दोन-दोन दिवस दोरीवर लोंबते आणि आतून कुबट वास धरते. तेवढ्याच कापडात दोन पातळ गोधड्या केल्या, तर बाळंतिणीच्या घरात त्या जास्त उपयोगी पडतात.

ही गोधडी कशासाठी वापरायची तेही घरात आधीच सांगून ठेवा. मालिश करताना खाली अंथरायला, मांडीवर घेताना, बाळ जागं असताना पालथं ठेवायला, दवाखान्यात नेताना. बाळ झोपलेलं असताना पहिलं वर्षभर त्याच्या अंगावर किंवा आजूबाजूला सैल पांघरूण ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर सरकलं तर बाळाला दूर करता येत नाही. दुपट्यात गुंडाळणंही बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की बंद करायचं. म्हणजे गोधडी पहिल्या वर्षी अंथरायची, पांघरायला पुढच्या वर्षापासून. वर्षानंतरही पुरेल एवढंच माप खाली दिलं आहे.

कापड

बाळाला पहिले कपडे नव्या कापडाचे घालायचे नाहीत, आजीच्या जुन्या लुगड्याचे घालायचे, ही रीत अजून बऱ्याच घरांत आहे. तिच्यामागे साधा हिशेब आहे. पन्नास-शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, जायचा तो रंग गेलेला असतो, आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. विकतच्या नव्या कापडाला यातलं काहीच झालेलं नसतं.

सगळ्यात चांगली म्हणजे वापरून मऊ झालेली सुती साडी आणि जुनं धोतर. पांढरं धोतर आतल्या थरांना उत्तम, कारण वरून त्याचा रंग दिसत नाही आणि ते पाणी चटकन शोषतं. मलमल, वायल चालेल. चादरी, पडदे, जीन्स बाळाच्या गोधडीत नकोत. जाड विणीतून सुई जात नाही आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी होते.

साडी खरंच सुती आहे का, अशी शंका असेल तर कडेचे दोन-तीन धागे काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत जाळून बघा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरली जाणारी मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं, टोकाला कडक मणी राहतो. मिश्र धाग्यात दोन्ही थोडं थोडं दिसतं. असं कापड बाळाच्या गोधडीत घेऊ नका. ते घाम शोषत नाही, आणि सुती थराबरोबर शिवलं तर त्याची वागणूक वेगळी पडते: सूत धुतल्यावर किंचित आकसतं, ते आकसत नाही, आणि दोघांमध्ये कायमच्या चुण्या पडतात. इरकलीत अंग सुती असतं, पण काठ-पदराला बहुतेकदा रेशीम किंवा नकली रेशीम असतं. तिचे काठ कापून बाजूला ठेवा. जरीचा काठ तर बाळाच्या वस्तूत नकोच, तो टोचतो आणि जरीची तार सुटून वर येते.

मग कापड उजेडाकडे धरून बघा. जिथे ते जाळीसारखं दिसतं, तिथे विरलेलं आहे. दोन्ही हातांनी आडवं ताणा. टरकन फाटलं तर तो भाग टाकून द्या, नुसतं विरलेलं असेल तर आतल्या थरात वापरा. साडीचा फॉलकडचा खालचा पट्टा पायात घासून बहुधा कमजोर झालेला असतो. फॉल उसवून काढाच. त्याचं कापड वेगळ्या जातीचं असतं.

नवं कापड घेणारच असाल तर ५ टक्के जास्त घ्या, कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, दोनदा धुवा, इस्त्री करा आणि मगच मापाला हात घाला. गडद लाल, निळं, काळं कापड असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळासाठी नाही. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळीकडे ऐकायला मिळतं, त्यावर भरवसा ठेवू नका.

एका साडीचा हिशेब

पाचवारी म्हणतात ती साडी हल्ली साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर पन्ह्याची असते. तिच्यात बाळाची एक चौपदरी गोधडी आणि एक दुपटं बसतं, ते असं:

- अस्तर, म्हणजे सगळ्यात खालचा थर: ९३ × ११३ सेंटिमीटर. तो चारही बाजूंनी ४ सेंटिमीटर मोठा आहे. हीच जादा पट्टी शेवटी वर दुमडून कडा होणार आहे.
- वरचा थर आणि आतले दोन: प्रत्येकी ८५ × १०५ सेंटिमीटर.
- चारही तुकड्यांची लांब बाजू साडीच्या पन्ह्यातून काढायची. म्हणजे साडीची लांबी लागते ९३ आणि ८५ च्या तिप्पट, एकूण ३४८ सेंटिमीटर.
- उरले जेमतेम २ मीटर. त्यातून ९५ सेंटिमीटरचे दोन तुकडे काढा, ते झालं दुपटं.

काठ कापावे लागले तर पन्हा १०० ते १०५ वर येतो. मग सगळे थर त्या मानाने आखूड करा, बाळाला ९५ सेंटिमीटरची गोधडीसुद्धा पुरते. फक्त अस्तर ८ सेंटिमीटरने मोठं राहिलं पाहिजे, हे विसरायचं नाही.

कापताना धागा सरळ धरा. साडीला कात्रीने छोटीशी चीर द्या आणि फाडा. सुती कापड आपल्या धाग्यानेच सरळ फाटतं, पट्टीने आखलेल्या रेषेपेक्षाही सरळ. विरलेलं कापड मात्र फाडू नका, कात्रीने कापा. तुकडा तिरका कापला गेला तर दिसताना ठीक दिसेल, पण तिरका धागा ताणला जातो आणि दोन धुण्यांत गोधडी पतंगासारखी वाकडी होते.

सुई, दोरा आणि बाकीचं

हाताच्या सुईत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, मशीनच्या सुईत बरोबर उलट. चार थरांच्या मऊ साडीला हाताची ७ नंबरची सुई घ्या, सहा थरांना ५ किंवा ६. दाभण पोत्याला आणि गादीला ठीक आहे. जुन्या साडीत ते घातलं की भोक राहतं आणि तिथूनच पुढे कापड उसवतं.

दोरा सुती घ्या. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून चांगला वाटतो, पण तो जुन्या कापडाहून बळकट असतो, आणि कुठे ओढ बसली की दोऱ्याऐवजी कापड फाटतं. तुटलेला टाका दोन मिनिटांत परत घालता येतो. जाड सुती रीळ मिळालं तर एकेरी वापरा, बारीक मिळालं तर दुहेरी. भरतकामाच्या सहापदरी लडीतले तीन पदर काढूनही छान टाका पडतो, फक्त खर्च वाढतो. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या, गुंता कमी होतो.

किती दोरा लागेल? १०५ सेंटिमीटरच्या एका ओळीला साधारण सव्वा मीटर. अडीच सेंटिमीटरच्या अंतराने ८५ सेंटिमीटर रुंदीत ३३-३४ ओळी बसतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मीटर. दुहेरी घेतला तर याच्या दुप्पट. एकाच रंगाचा पुरेसा दोरा आधीच आणा, पांढऱ्यातसुद्धा दोन छटा निघतात.

शिवाय लागेल ते असं: मधल्या बोटात घालायला अंगुस्तान, धारेची कात्री, मोजपट्टी, सेफ्टी पिना आणि खुणा करायला शिंप्याचा खडू. खडू नसेल तर साबणाची वडी झिजून उरलेली चिपटी घ्या, रेघ बारीक येते आणि पहिल्या धुण्यात जाते. पेनाने आखू नका. अंगुस्तान आधी बोटात टोचल्यासारखं, परकं वाटतं. तरी घाला. सहा थरांतून दिवसभर सुई ढकलल्यावर ते का लागतं ते बोटच सांगतं.

थर मांडणं आणि टाचणं

याला दीड-दोन तास लागतात आणि ते द्यावेच लागतात.

फरशी पुसून कोरडी करा. अस्तर उलट बाजू वर करून पसरा आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून फरशीला चिकटवा. ताणायचं नाही, नुसत्या सुरकुत्या जाव्यात इतपत. ताणून चिकटवलं तर पट्टी काढल्यावर अस्तर परत आकसेल आणि वरचे थर फुगतील. चिकटपट्टी नसेल तर कोपऱ्यांवर पाण्याने भरलेले तांबे ठेवा. सतरंजीवर किंवा गादीवर मांडणी करू नका, खालचं मऊ असलं की सुई त्यालाही शिवून घेते.

आता आतला पहिला थर. अस्तराच्या मधोमध ठेवा, चारही बाजूंना ४ सेंटिमीटर मोजा. तळहाताने मध्यापासून कडेकडे सपाट करत या. दुसरा थरही तसाच. मग सुलट बाजू वर करून वरचा थर. प्रत्येक थर इस्त्री केलेला असावा. आतल्या थरात राहिलेली घडी नंतर बाहेरून हाताला लागते, आणि तिचं काही करता येत नाही.

मध्यावर पहिली पिन, मग मध्यापासून चारही दिशांना, साधारण १५ सेंटिमीटरवर एकेक. या मापाला ३५-४० पिना लागतात. लावताना मोजा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. काढताना तेवढ्याच भरल्या पाहिजेत. बाळाच्या वस्तूत हा हिशेब चुकवायचा नाही.

आता कच्चे टाके. वेगळ्या पण फिकट रंगाचा दोरा घ्या, कारण गडद दोऱ्याचा रंग कधी कधी कापडावर उतरतो. मध्यापासून सुरुवात करून एक उभी, एक आडवी आणि दोन तिरप्या ओळी घाला, सूर्याच्या किरणांसारख्या. नंतर त्यांच्यामध्ये १५ सेंटिमीटरवर उभ्या-आडव्या ओळी. टाका ४ सेंटिमीटर लांब चालेल. कच्चा दोरा ओढून घट्ट करू नका, सैलच राहू द्या. सगळं झालं की पिना काढा, मोजा.

कडेपासून टाचत मध्याकडे गेलात तर काय होतं ते एकदा समजून घ्या. प्रत्येक टाक्याबरोबर वरचा थर केसभर पुढे ढकलला जातो. मध्यापासून कडेला गेलात तर हा जादा कपडा कडेवरून बाहेर निघून जातो. उलट गेलात तर तो मध्यावर येऊन अडकतो आणि तिथे झोळ पडतो. गोधडी उलटून बघा: मागे झोळ आणि पुढे सपाट, किंवा पुढे फुगा आणि मागे सपाट असेल तर कच्चे टाके उसवून पुन्हा घाला. पक्क्या टाक्यांनी हा झोळ बसत नाही, उलट त्याची कायमची चुणी होते.

धावदोरा

खडूने मधोमध एक उभी रेघ मारा, मग तिच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटरवर. पहिली ओळ मधली, मग एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची, असं कडेपर्यंत. चौकोनात चौकोन ही आपली जुनी, देखणी मांडणी. पण ती बाहेरून आत जाते, म्हणजे झोळ मध्यावर गोळा व्हायची भीती तिथे सगळ्यात जास्त. टाचणीवर हात बसला की दुसरी गोधडी तशी करा.

सुईत दोरा पाऊण मीटरपेक्षा लांब ओवू नका. लांब दोरा कापडातून परत परत ओढला जाऊन विसविशीत होतो आणि गाठी मारतो. टोकाला छोटी गाठ घ्या. ओळ सुरू होते तिथून दोन सेंटिमीटर अलीकडे सुई फक्त वरच्या थरातून आत घाला, ओळीच्या सुरुवातीला बाहेर काढा आणि दोरा हलकेच खेचा. टच असा बारीक आवाज होऊन गाठ आत जाते. गाठ वर राहिली तर बाळाच्या पाठीला तीच टोचते.

टाका ५ मिलिमीटरचा धरा, वर जेवढा तेवढाच खाली. सात मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. लांब, सैल टाक्यात तान्ह्याचं बोट अडकू शकतं. डावा हात गोधडीखाली ठेवा. सुईचं टोक खालच्या बोटाला जरासं लागलं की सगळे थर ओवले गेले असं समजायचं. सुई तिरकी शिरली तर वरून टाका सुरेख दिसतो आणि अस्तराला मात्र पकड नसते. दर दोन-तीन ओळींनी मागची बाजू उलटून बघा. चार-पाच टाके सुईवर घ्या, सुई ओढा, आणि मग ओळीवरून अंगठा फिरवून कापड मोकळं करा. ओळ आखडून टाक्याच्या दोन्ही बाजूंना कापड गोळा होत असेल तर दोरा जास्त ओढला जातोय. ओळीचं शेवटचं काम म्हणजे दोन टाके त्याच जागी उलटे घ्यायचे, सुई थरांमधून दोन सेंटिमीटर सरकवून बाहेर काढायची आणि दोरा कापडालगत कापायचा.

ओळी बोटभर अंतरावर, दीड सेंटिमीटरवर घेतल्या तर गोधडी दिसते सुंदर आणि होते कडक. तीन सेंटिमीटरपेक्षा लांब गेल्या तर धुताना आतले थर सरकतात. बाळासाठी अडीच हे माप मधलं आहे. नव्या हाताला एका ओळीला पंधरा मिनिटं धरा, रोज तासभर बसलात तर आठ-दहा दिवस. बारशाला द्यायची असेल तर बाळ यायच्या आधीच सुरू केलेली बरी.

मशीनवर करायची असेल तर टाक्याची लांबी ३ ते ३.५ मिलिमीटर ठेवा, दाबपट्टीचा दाब कमी करा आणि टाचण दाट घाला, कारण मशीनवर वरचा थर मागे राहत जातो आणि शेवटी तो एक-दोन सेंटिमीटर जादा उरतो. वेळ वाचतो. मऊपणा मात्र हातशिलाईचा येत नाही.

कडा

ओळी झाल्या की अस्तरावरच्या तीन थरांच्या बाहेर आलेल्या दशा सरळ कापा, अस्तराला कात्री लागू देऊ नका. अस्तराची जादा ४ सेंटिमीटर पट्टी आधी निम्मी दुमडा, मग पुन्हा दुमडून वरच्या थरावर आणा. दोन सेंटिमीटरचा गोट तयार होतो. कोपऱ्यात आधी अस्तराचं टोक तिरकं आत दुमडा, त्रिकोणाचं टोक थोडं कापा, मग दोन्ही बाजू त्यावर आणा. न कापता दुमडलंत तर कोपऱ्यात आठ-दहा थरांची गुठळी होते आणि तिथे सुई मोडते. गोट तुरपाईने बसवा, टाके ३-४ मिलिमीटरवर. गोधडी आधी कडेलाच झिजते, तेव्हा इथे कंजुषी नको. मग कच्चे टाके काढून टाका.

बाळाच्या गोधडीला टिकल्या, आरसे, मणी, लटकन, गोंडे काहीही लावू नका. नक्षी हवी तर रंगीत दोऱ्याने ओळी घाला.

दुपट्याला एवढा खटाटोप नाही. दोन तुकडे सुलट बाजू आत करून एकावर एक ठेवा, चारही बाजूंनी एक सेंटिमीटरवर शिवा, एका बाजूला वीतभर तोंड मोकळं ठेवा. कोपरे तिरके कापा, त्या तोंडातून उलटवा, तोंड शिवा. कडेपासून दोन बोटांवर एक धावदोऱ्याची चौकट आणि मध्यावर एक फुली घातली की झालं.

मोठ्यांसाठी

अंथरूण पाहून पाय पसरायची वेळ कोणावर येऊ नये, म्हणून आधी माणूस मोजा. उंचीत ४० सेंटिमीटर मिळवा. बहुतेकांना १५० × २१५ पुरते. पाच-सात वर्षांच्या मुलाला ११० × १५०, थर चार. आजी-आजोबांसाठी थर वाढवायचा मोह होतो, पण थंडी वाजते म्हणून केलेली जड वाकळ रात्री कुशीवर वळताना त्यांनाच उचलत नाही. त्यांना चार थरांच्या दोन द्या, हवी तेव्हा दुसरी ओढता येते.

पाचवारी साड्यांचा हिशेब असा. एका साडीतून २.२ मीटरचे दोन तुकडे निघतात, १.१ मीटर उरतं. १५० सेंटिमीटर रुंदीला ११५ चा पन्हा कमी पडतो, म्हणून २.२ मीटरचा एक तुकडा लांबीत तीन पट्ट्यांत कापा, प्रत्येकी ३८ सेंटिमीटर. एक पूर्ण तुकडा आणि एक पट्टी जोडली की एक थर. म्हणजे दोन साड्यांत तीन थर, चार साड्यांत सहा. वजन दीड ते पावणेदोन किलो भरतं. नऊवारी लुगडं सापडलं तर आणखी सोपं: नऊ वार चौपदरी दुमडले की सव्वादोन वार लांब आणि पन्ह्याइतकी रुंद अशी चार थरांची एकाची गोधडी जोड न देता होते.

जोड एकावर एक येऊ देऊ नका. पहिल्या थरात पट्टी डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात तीच पट्टी निम्मी करून दोन्ही बाजूंना, मग पुन्हा तसंच. शिवणी उघडून इस्त्री करा. जोड एकाच रेषेत आले तर गोधडीत कायमचा बांध पडतो, झोपणाऱ्याला तो पाठीत लागतो आणि शिवताना सुई तिथे अडते. मोठ्या गोधडीचं अस्तरही ८ सेंटिमीटर मोठं हवं. तेवढं कापड पन्ह्यात बसत नसेल तर उरलेल्या १.१ मीटरच्या तुकड्यांतून ६ सेंटिमीटरच्या पट्ट्या काढून स्वतंत्र गोट लावा. ओळी दोन सेंटिमीटरवर घेतल्या तर एकेरी दोरा १८०-१९० मीटर लागतो.

घरातल्या माणसांच्या कपड्यांची गोधडी करायची असेल, आजोबांचा सदरा, आईचा परकर, ताईचा शाळेचा फ्रॉक, तर तुकडे एकमेकांना शिवत बसण्यापेक्षा मांडून शिवायची पद्धत सोपी पडते. अस्तर आणि आतले थर टाचून तयार ठेवा. तुकड्याच्या कडा एक सेंटिमीटर आत दुमडून इस्त्री करा, तो जागेवर ठेवा, शेजारचा तुकडा त्यावर दोन सेंटिमीटर चढवा आणि दोन्ही टाचा. कोणताही आकार चालतो. धावदोरा तुकड्यांसकट सगळे थर एकदम पकडतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची गोधडी, कवंदी, हीही अशीच तुकडे मांडून होते. त्या कडेपासून आत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी फुलं लावतात. मांडताना जुन्या-नव्या कापडाची सरमिसळ करू नका. सदरा विरलेला आणि शेजारचा तुकडा कोरा असेल तर दोन वर्षांत सदरा फाटतो, तुकडा मात्र तसाच राहतो. अगदी ठेवायचाच असलेला नाजूक तुकडा कडेला घेऊ नका, मध्यावर घ्या, आणि त्याच्याखाली मलमलचा एक पदर घाला.

परदेशातल्या कडक थंडीसाठी आतल्या एका थराऐवजी सुती वॅडिंग (गोधडीत भरायचा कापसाचा तयार थर) किंवा फ्लॅनेल वापरता येतं. वॅडिंग पहिल्या धुण्यात आटतं, तेव्हा आधी पाकिटावर लिहिलेलं वाचा, भिजवायचं की नाही ते त्यावर असतं.

धुणं, ठेवणं, ठिगळ

पहिलं धुणं थंड पाण्यात, एकटीचं. बाळाच्या गोधडीला रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण, आणि दोनदा खळबळून घ्या, कारण थरांत साबण राहिला तर अंगाला खाज येते. पिळताना पीळ देऊ नका, दाबून पाणी काढा. सुती गोधडी भिजली की वजन दुपटीच्या वर जातं, एका दोरीवर टाकली तर मधले टाके ताणतात. दोन दोऱ्यांवर पसरा, मधून हवा खेळते आणि पावसाळ्यात पंख्याखालीही वाळते. पहिल्या धुण्यानंतर अंगावर बारीक सुरकुत्या उमटतात. त्या बिघाड नाहीत, इस्त्री करून घालवू नका.

ठेवताना घडी दर दोन महिन्यांनी बदला, एकाच घडीवर कापड तुटतं. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नका. त्यातल्या नॅप्थलीनने काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते, ज्यांना जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असते त्यांना हा धोका जास्त. कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेवा, आणि वापरायच्या आधी गोधडी धुऊन उन्हात घाला.

फाटलेल्या जागेहून ठिगळ चारही बाजूंनी तीन बोटं मोठं घ्या. फाटक्याच्या अगदी कडेला शिवलंत तर तिथलं विरलेलं कापड टाका धरत नाही आणि ठिगळासकट सुटून येतं. ठिगळाचं कापडही धुतलेलं, जुनंच असावं. वरचा थर सगळीकडेच विरला असेल तर ठिगळं लावत बसू नका. पूर्ण गोधडीवर एक नवा पदर टाका, कडा दुमडा, पुन्हा मध्यापासून टाचा आणि जुन्या ओळींच्या बरोबर मधोमध नव्या ओळी घाला. जुन्या ओळीवर पुन्हा सुई घातली तर त्याच भोकांतून कापड कापलं जातं.